मित्रांच्या फिशिंग ग्रुपबरोबर पहिल्यांदा बोटीवर जाताय? मग हे आधी वाचा

ऑफिसातल्या कोणीतरी नाहीतर शेजाऱ्याने "चल रे रविवारी, आम्ही सगळे जातोय" म्हटलं, तुम्ही हो म्हणून बसलात आणि आता पुढे काय हा प्रश्न पडलाय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मासे कसे पकडायचे याचे व्हिडिओ ढीगभर सापडतील, पण पाच-सहा पुरुष एका छोट्या बोटीत अख्खा दिवस एकत्र कसे काढतात हे कोणी सांगत नाही आणि नव्या माणसाची खरी गोची तिथेच होते. ग्रुपला तुमच्याकडून मासे नको असतात. तुम्ही वेळेवर यावं, सांगितलेलं ऐकावं, दोऱ्यांचा गुंता कमी करावा आणि पैसे मागायला लावू नयेत, एवढं झालं तरी लोक खूश असतात. गळ टाकणं काय, हळूहळू येतंच.

१. आधी ग्रुपचं गणित विचारून घ्या

जायच्या आधी ज्याने बोलावलंय त्यालाच फोन करा, ग्रुपवर प्रश्नांची सरबत्ती नको. बोट कोणाची आहे, ग्रुपमधल्याच एकाची की भाड्याची? हा फरक मोठा आहे. भाड्याच्या बोटीवर कॅप्टन रोज तेच काम करणारा असतो, रॉड-आमिष बऱ्याचदा तोच देतो आणि भाडं माणशी ठरलेलं असतं. स्वतःची बोट असेल तर चालवणारा हौशी असतो, म्हणजे नांगर ओढण्यापासून बोट धुण्यापर्यंत सगळी कामं सगळ्यांची.

पैशांचं सरळ विचारा, लाजू नका. इंधन, आमिष, बर्फ आणि बोट पाण्यात उतरवायची फी यांचे भाग पडतात. माझं स्पष्ट मत आहे की बोटमालकाकडून इंधनाचा वाटा घेऊ नये, कारण इंजिनची सर्व्हिसिंग, विमा, बोट ठेवायची जागा हे सगळं तो वर्षभर एकटा भरतच असतो. आणि आदल्या रात्री "जमत नाही रे" म्हणून कळवलंत तरी तुमचा वाटा द्यायचा. तुमच्यासाठी एक जागा अडवून ठेवलेली असते, दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हटलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी विचारा. पकडलेले मासे घरी नेतात की सोडून देतात, आणि परत किती वाजता. दुसरी गोष्ट घरी सांगताना त्यात दोन तास वाढवून सांगा.

२. परवाना आणि नियम

हौशी मासेमारीला परवाना लागतो की नाही हे प्रत्येक देशात, कधीकधी प्रत्येक तलावाला वेगळं असतं. गोड्या पाण्याचा वेगळा, समुद्राचा वेगळा, असंही असतं. भाड्याच्या बोटीवर काही ठिकाणी बोटीच्या परवान्यातच सगळे येतात, काही ठिकाणी प्रत्येकाला आपापला काढावा लागतो. "सगळ्यांचा आहे, तुझा कोण विचारतोय" हे वाक्य ऐकलंत तर मान हलवा आणि घरी येऊन मत्स्य खात्याच्या अधिकृत साइटवर स्वतः बघा. दंड माणसाला होतो, ग्रुपला नाही.

त्याच साइटवर चार गोष्टी बघून ठेवा: कुठल्या माशाची कमीत कमी लांबी किती, माणशी किती मासे ठेवता येतात, कुठले महिने बंद असतात आणि कुठल्या भागात गळ टाकायलाच बंदी आहे. लांबी कशी मोजायची तेही तिथेच दिलेलं असतं. काही जातींमध्ये तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काहींमध्ये शेपटीच्या खाचेपर्यंतच, आणि या फरकात मासा नियमात बसतो किंवा बाहेर जातो.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांत फोटो असलेलं ओळखपत्र, परवाना लागत असेल तर तो (छापील आणि मोबाइलमध्ये सेव्ह केलेला, दोन्ही, कारण पाण्यात नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही) आणि एका चिठ्ठीवर घरच्यांचा नंबर आणि चालू औषधं. शुगर, हार्ट, फिट्स, ॲलर्जी यातलं काही असेल तर कॅप्टनला आणि अजून एकाला निघण्याआधी सांगा. पुरुषमंडळी हे लपवतात आणि मग किनाऱ्यापासून दोन तास लांब असताना सगळ्यांची धावपळ होते. गोळ्या स्वतःच्या खिशात हव्यात, गाडीत राहिलेल्या गोळ्यांचा उपयोग नाही.

अंगावर पटकन वाळणारे कपडे, वर पातळ वाऱ्याचं जॅकेट. जीन्स नको, ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. बूट मऊ तळाचे आणि डाग न पाडणारे, काळ्या तळाच्या बुटांनी पांढऱ्या डेकवर रेघा उमटल्या की बोटमालक तोंडाने काही बोलत नाही पण लक्षात ठेवतो. टोपीला दोरी बांधा. पोलराइज्ड गॉगल घ्याच, पाण्यावरची चकाकी कमी होऊन आत दिसतं हा एक फायदा, आणि उडालेल्या गळापासून डोळा वाचतो हा त्याहून मोठा.

बाकी पिशवीत: भरपूर पाणी, खाणं, सनस्क्रीन, जुना टॉवेल, लांब नाकाची पक्कड, लाइन कापायला छोटी कात्री, मोजायची टेप, वॉटरप्रूफ पाउच आणि पहाटे निघणार असाल तर डोक्याला लावायचा टॉर्च. सनस्क्रीन किंवा मच्छर पळवायचं मलम लावलं की हात धुऊनच आमिषाला हात लावा. मच्छरच्या मलमात डीट असेल तर ते प्लास्टिक आणि लाइनसुद्धा खराब करतं.

पिशवी एकच आणि मऊ. चाकांची बॅग, काचेच्या बाटल्या आणि तीन मजली टॅकल बॉक्स (गळ-शिशांचा डबा) घेऊन येणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी येऊन गेलेला असतो, दुसरे तुम्ही नका होऊ.

४. रॉड लगेच विकत घेऊ नका

पहिल्या काही वेळा उसना घ्या. प्रत्येक ग्रुपमध्ये एकाकडे तरी घरी पडून असलेले तीन-चार रॉड असतातच आणि त्याला ते द्यायला आवडतं. तुमचा ग्रुप तळाशी शिसं सोडून बसतो, की बोट वाहती ठेवून फिशिंग करतो, की चालत्या बोटीमागे ल्युअर (नकली आमिष) ओढत ट्रोलिंग करतो, हे बघितल्याशिवाय दुकानात गेलात तर दुकानदाराला जे खपवायचंय तेच घरी येईल. किनाऱ्यावरून लांब फेकायचा १२ फुटी रॉड बोटीत आणला की शेजारच्याच्या कानाजवळून फिरतो.

घ्यायचाच झाला तर साधारण साडेसहा-सात फुटांचा मीडियम रॉड, ४००० साइजच्या आसपासचं स्पिनिंग रील, त्यावर ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढे मीटरभर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा लाइनचा वेगळा तुकडा. सुरुवातीला यात भागतं. ब्रेडेड लाइन बारीक असते आणि ताणत नाही म्हणून खालचा चावा लगेच हाताला कळतो, पण ताण असताना ती बोटाला गुंडाळून ओढलीत तर बोट कापतं. अडकलेली लाइन सोडवायला कपडा नाहीतर लाकडाचा तुकडा वापरा.

ड्रॅगचं, म्हणजे रीलच्या ब्रेकचं, एक सांगतो, कारण नवीन माणूस हमखास तो घट्ट आवळून ठेवतो. लाइन जितक्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा जोर लागला की रीलमधून लाइन सुटायला हवी. म्हणजे ९ किलोची लाइन असेल तर साधारण अडीच-तीन किलोला. स्प्रिंगचा काटा लावून घरीच बघून ठेवता येतं.

गाठी दोनच शिका. गळ बांधायला पॅलोमार, आणि ब्रेड-लीडर जोडायला डबल युनी. घरी जाड सुतळीवर सराव करा, मग खऱ्या लाइनवर. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली तर घर्षणाने गरम होऊन लाइन तिथेच कमजोर पडते. बोटीत डुलत असताना पहिल्यांदा गाठ शिकायला बसलात तर गाठ येणार नाहीच, वर पोटातलं बाहेर येईल. त्यावरून पुढचा मुद्दा.

५. बोट लागणं

दणकट माणसालाही बोट लागते, कमीपणा नाही. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर तरी, पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली टिकतच नाही. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे परतीला गाडी चालवणारा कोण ते ठरवा. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, यातल्या बऱ्याच औषधांनी लघवी अडकू शकते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या ग्रुपमध्ये हे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

बोटीवर मधोमध किंवा थोडं मागे उभे राहा, तिथे हेलकावा कमी. क्षितिजाकडे बघा. केबिनमध्ये जाऊ नका, इंजिनच्या धुरात बसू नका, मोबाइल बंद. उपाशीपोटी येऊ नका आणि तडस लागेपर्यंत खाऊनही नको. तरी उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूच्या कडेला, बसून, कठडा धरून आणि कोणाला तरी सांगून.

६. वारा आणि पाणी वाचायला शिका

जायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो आणि तो नाही म्हणाला की विषय संपला. पण तो काय बघतो हे तुम्हालाही कळायला हवं, नाहीतर "ऊन तर छान पडलंय" असलं काहीतरी बोलून बसाल. पावसापेक्षा वारा महत्त्वाचा. ११ ते १६ नॉट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफर्ट स्केलवर ४, पाण्यावर बऱ्यापैकी पांढरे फेस दिसायला लागतात आणि छोट्या बोटीतल्या हौशी लोकांनी तेव्हा परतीचा विचार केलेला बरा. किनाऱ्यालगत बऱ्याचदा सकाळी पाणी शांत असतं आणि जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून सगळे पहाटे निघतात, मासे लवकर उठतात म्हणून नाही.

लाटेची उंची बघताना दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. मीटरभराची लाट दहा सेकंदांनी आली तर बोट आरामात वरखाली होते, तीच चार सेकंदांनी यायला लागली की कंबरडं मोडतं. आणि प्रवाह एकीकडे, वारा त्याच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या किंवा नदीच्या तोंडाशी हे सगळ्यात वाईट. जाताना तिथून मजेत गेलात म्हणजे ओहोटी लागल्यावर येताना तसंच येता येईल असं समजू नका.

बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या काळात पाणी एकसारखं सरकत नाही: पहिल्या तासात एकूण उंचीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं, ओढ सगळ्यात जोरात, शिसं जड लावावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा हे अजून जाणवतं, अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो, तेव्हा हलकं शिसंही तळाला टिकतं. पाणी पूर्ण थांबलं की चावे बऱ्याचदा बंद होतात, डबे तेव्हा उघडायचे.

तलावावर जाणार असाल तर भरती-ओहोटीचं विसरा, पण वाऱ्याचं नाही. मोठ्या उथळ तलावात लाटा फार पटकन उठतात.

७. बोटीवर पाय ठेवल्यावर

लाइफ जॅकेट सीटखाली नाही, अंगावर. "मला पोहता येतं" हे उत्तर इथे चालत नाही. पाणी थंड असेल तर पडल्या पडल्या श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर त्याच झटक्यात पाणी आत जातं, पोहणाऱ्याच्याही. अशा पाण्यात पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायला जातं आणि पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायातली ताकद कमी होत जाते. जॅकेटवर न्यूटनचा, म्हणजे ते किती जोराने तरंगवतं त्याचा, आकडा असतो: ५० हे काठाजवळ पोहता येणाऱ्यांसाठी, १०० शांत पाण्यासाठी, १५० खुल्या समुद्रासाठी. फुगणारं जॅकेट असेल तर आतली सिलिंडर घट्ट बसलीय का बघा आणि बाकी कपड्यांच्या वरून घाला. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येतं.

निघण्याआधी कॅप्टनला तीन गोष्टी दाखवायला सांगा: इंजिन बंद कसं करायचं, रेडिओ कसा चालतो आणि अग्निशामक कुठे आहे. पाण्यात पडणारा किंवा छातीत कळ येणारा माणूस कॅप्टन स्वतःही असू शकतो. समुद्रात व्हीएचएफ चॅनल १६ वर तीनदा "मेडे" म्हणून बोटीचं नाव, जागा, काय झालंय आणि माणसं किती ते सांगायचं. छोट्या बोटीत चालवणाऱ्याच्या अंगाला किल कॉर्ड (इंजिनला जोडलेली दोरी) लावलेली हवी, तो पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. नसेल लावली तर नवीन असलात तरी बोला.

कोणी पडलंच तर ओरडा, जे तरंगतं ते फेका आणि एकाने त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हटवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं क्षणात दिसेनासं होतं. उडी मारू नका. त्याला वर घेताना इंजिन बंद.

आता पुरुषांचा खास मुद्दा. कडेला उभं राहून लघवी करताना तोल जाऊन पडणं हा अगदी खरा अपघात आहे, विनोद नाही. त्यातून बहुतेक वेळा जॅकेट काढलेलं असतं आणि बाकीच्यांनी मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलेलं असतं. बोटीत बादली किंवा रुंद तोंडाची बाटली ठेवा आणि गुडघ्यावर बसा. आणि दारू किनाऱ्याला लागल्यावर. यावर ग्रुपमध्ये वाद होतो हे मला माहीत आहे, माझं मत बदलणार नाही.

८. गळ टाकताना

डोक्यावरून रॉड फिरवून फेकू नका. बोटीत खालून हलकेच सोडायचं, तेही मागे बघून. सगळ्यांनी एकाच वजनाचं शिसं लावलं तर लाइनी एकाच कोनात वाहतात आणि गुंता खूप कमी होतो, म्हणून आधी विचारा "किती ग्रॅम लावलंय?" आणि तेवढंच लावा. तळ लागला की लाइन आवळून एक-दोन फेरे वर घ्या, नाहीतर खडकात अडकेल.

सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर चावा आल्यावर झटका मारायचा नाही. हात शिवशिवतात पण थांबा, वजन लागेपर्यंत सावकाश रील फिरवा, गळ स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा सोडायचा असेल तरी तो जगायची शक्यता यात जास्त, कारण गळ सहसा पोटात जात नाही.

शेजारच्याला मोठा मासा लागला तर आपली लाइन वर घ्या. त्याच्या रॉडला तो म्हणेपर्यंत हात लावू नका. जाळी धरायला सांगितली तर ती पाण्यात स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्या. जाळीने माशाचा पाठलाग केला की गळ सुटतो, आणि मग परतीच्या प्रवासात तोच विषय. गुंता झाला तर ओढू नका, मोठ्याने सांगा, दोघांनी थांबा आणि बिनधास्त कापा. लाइन स्वस्त असते, चावे सुरू असताना गेलेली पंधरा मिनिटं नाही. कापलेले तुकडे पाण्यात नाही, खिशात.

९. मासा बोटीत आल्यावर

सोडायचा असेल तर हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. पक्कडीने गळ काढा, खोल गेला असेल तर लाइन जवळ कापून सोडा. खूप खोलातून वर आलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो खाली जाऊच शकत नाही, त्याला वजन लावून परत खोल सोडायचं साधन मिळतं, ग्रुपकडे आहे का विचारा.

ठेवायचा असेल तर लगेच मारा, रक्त जाऊ द्या आणि बर्फ अधिक समुद्राच्या पाण्याच्या काल्यात बुडवा, नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार होतो. ट्यूना, बांगडा या जातीचे मासे उन्हात राहिले तर हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. फुगणाऱ्या माशाचं विषही शिजवून जात नाही. ओळखता येत नाही तो मासा खायचा नाही, "अरे काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

विषारी काटा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासायचं. मग डॉक्टर. गळ डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात घुसला तर बोटीवर कोणालाही काढू देऊ नका, लाइन कापा, तसाच ठेवून दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा.

१०. किनाऱ्याला लागल्यावर

बोट धुऊन झाल्याशिवाय कोणी निघायचं नाही, "मला जरा घाई आहे" तर नाहीच. रॉड-रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, जोरात प्रेशर मारलंत तर मीठ आत जातं. ठेवताना ड्रॅग सैल करा. उसना रॉड धुऊन, पुसून आणि काही तुटलं असेल तर आधीच सांगून परत द्या.

पैसे त्याच दिवशी. मासे वाटताना शेवटी हात पुढे करा. फोटो टाकताना मागे कुठला डोंगर, दिवा किंवा फिशफाइंडरचा (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) स्क्रीन दिसतोय का बघा, चांगल्या जागा लोकांनी वर्षानुवर्षं शोधलेल्या असतात आणि तुमच्या एका फोटोने पुढच्या आठवड्यात तिथे दहा बोटी उभ्या राहतात. लोकेशन बंद करून टाका, शक्यतो विचारून टाका.

आणि पुढच्या तारखेचा मेसेज आला की "बघतो" लिहू नका. हो किंवा नाही, त्याच दिवशी.